माझ्या हाताची रिटायरमेंट

आमच्या मोटारसायकलला इंडिकेटर आहेत का, असं मोहाडीत कोणी विचारलं असतं तर लोकांनी माझ्याकडे बोट दाखवलं असतं. कितीतरी वर्षं त्या गाडीचा इंडिकेटर मीच होते. वळायचं असलं की माझा हात बाहेर. मागून कोणी फार घाई करत असेल तर तळहात दाखवून "थांब जरा", आणि रस्ता मोकळा असेल तर हात हलवून "जा बापा, जा". चौकातल्या हवालदारानं एकदा मला विचारलं होतं, "मॅडम, तुमी शाळेत होत्या का ट्रॅफिकमंधी?" मी शाळेतच होते, जिल्हा परिषदेच्या. पण हात वर केला की समोरचा थांबलाच पाहिजे ही सवय दोन्हीकडे कामाची आहे.

ही कला वाटते तितकी सोपी नाही. मी दोन्ही पाय डावीकडे टाकून बसते. उजवा हात यांच्या खांद्यावर आणि साइड द्यायला डावा. डावीकडे वळायचं असलं की हात सरळ समोर काढायचा, काही त्रास नाही. उजवीकडे वळायचं तर मात्र कमरेतून पूर्ण मागे फिरून, यांच्या पाठीमागून हात पलीकडे न्यायचा, पदर सांभाळायचा आणि मांडीवरची पिशवीही पडू द्यायची नाही. मी ते इतकी वर्षं केलं आणि कधी पडले नाही.

हे, म्हणजे माझे यजमान, विजेच्या खात्यात लाईनमन होते. तालुक्यात कुठे वारा सुटला आणि लाईट गेली की लोक आधी आमच्या घरी यायचे. खांबावर चढून यांनी गावंच्या गावं उजळून दिली, आणि स्वतःच्या मोटारसायकलला मात्र एक धड दिवा नव्हता. दिव्याखाली अंधार म्हणतात तो आमच्या अंगणात स्टँडवर उभा असायचा.

ही गाडी आमच्या मुलीच्या बारशाच्याही आधीची. मूळचे इंडिकेटर चांगले मोठे होते, लांब दांडीवरचे, नारंगी काचेचे. समोरचा डावा, गाडी शेताच्या बांधावरून घसरली तेव्हा गेला. समोरचा उजवा कसा गेला ते हे सांगत नाहीत, म्हणजे यांच्याच हातून गेला असणार. मागच्या डाव्याचं खापर माझ्यावर फोडतात. बाजारातून येताना मी त्याच्या दांडीला पिशवी अडकवायची, आणि एकदा त्या पिशवीत कोहळं होतं. आता कंपनीनं पिशवी अडकवण्याइतकी सोयीची दांडी दिली, तर बाईमाणूस काय ती पाहत बसेल? राहिला चौथा. तो शाबूत होता, पण एकटा बिचारा कोणाला काय सांगणार!

मागच्या लाल दिव्याची काच तडकलेली होती. तिच्यावर यांनी मिठाईच्या डब्याचा लाल चकचकीत कागद चिकटवला होता. शिवाय जुन्या गाडीचा तो दिवा इंजिनाच्या जोरावर पेटायचा. रेस दिली की लखलखीत आणि गाडी हळू झाली की मिणमिण. म्हणजे मागच्याला आपण नेमके जेव्हा दिसायला हवे, तेव्हाच तो डोळे मिटायचा. "अजी, मागचा दिवा पाहा ना एकदा," असं मी म्हटलं की हे म्हणायचे, "तू हायेस ना मांगं."

मागच्या दिवाळीला मुलगी आणि जावई नागपूरहून गाडीनं यायला निघाले. मध्ये जावयाचं तुमसरला काही काम होतं, ते आटोपून मोहाडीकडे येत होते. आम्ही दोघं त्याच रस्त्यानं रविवारची बपेऱ्याची फेरी करून परतत होतो. दिवेलागण झाली होती. घराकडे वळायचं म्हणून मी नेहमीसारखा हात बाहेर काढला, आणि मागे कोणीतरी करकचून ब्रेक मारला. मी वळून पाहिलं तर आमचीच मुलगी गाडीतून उतरून धावत येत होती.

"बाबा, तुम्ही दिसलेच नाही आम्हाला! आधी आईचा हात दिसला. नुसता हात! बांगड्या घातलेला एक हात अंधारात पुढे पुढे चाललेला!" ती रडतही होती आणि ओरडतही होती. जावई शहाणा, तो गाडीतून उतरलाच नाही.

घरी आल्यावर तिनं निकाल सांगितला. दिवे नवीन लावायचे, मागचे आणि पुढचे सगळे. पुढच्या महिन्यात ती परत येणार, एका रविवारी आमच्या मागून बपेऱ्यापर्यंत गाडीनं येणार आणि प्रत्येक वळण पाहणार. "बाबांनी बरोबर इंडिकेटर दिलं तर ठीक. आणि आई, तुझा हात बाहेर दिसला नाही पाहिजे. पडशील एखाद्या दिवशी. नाहीतर ही गाडी विकायची. बपेऱ्याले जायचं तर एसटी आहे ना."

एसटी आहे, मी कुठे नाही म्हणते? पण बपेऱ्याला माझी मोठी बहीण राहते. ताईचे गुडघे गेले, आता ती कुठे येत-जात नाही. दर रविवारी मी जाते, म्हणजे हे मला नेतात. ती सकाळपासून रस्त्याकडे तोंड करून खुर्चीत बसलेली असते. आमच्या गाडीचा आवाज तिला लांबूनच कळतो, आणि तो आला की ती सुनेला तवा ठेवायला सांगते. आम्ही पोचेपर्यंत तांदळाच्या पिठाची गरम धिरडी, आमच्याकडे त्यांना आयते म्हणतात, ताटात. एसटीच्या आवाजावर कोणी तवा ठेवत नाही. शिवाय ती आपल्या मर्जीनं निघते, तुम्ही बहिणीशी बोलून संपलात का हे विचारत नाही. गाडी गेली की माझा रविवार गेला, हे मला त्या दिवशी अगदी स्पष्ट दिसलं आणि मी घाबरले. म्हणून पहिल्यांदाच मुलीच्या बाजूनं झाले. यांना म्हटलं, "दिवे लावा. कसेही करून लावा."

जुन्या गाडीचे अस्सल दिवे मोहाडीत मिळेनात. लाखनीला एका लग्नाला गेलो होतो, तिथे हायवेवर ट्रकवाल्यांसाठी सजावटीच्या सामानाची दुकानं आहेत. अक्षता पडल्या आणि हे मांडवातून गायब. मी शोधत गेले तर हे एका दुकानात उभे, हातात मागचा दिवा, आणि तो दिवा लाल, निळा, हिरवा असे रंग बदलत होता. दुकानदार म्हणे, "काका, हे लावा. आख्ख्या जिल्ह्यात तुमचीच गाडी दिसन." यांच्या चेहऱ्यावर पोरासारखी लालसा. मी म्हटलं, "आपल्याले बपेऱ्याले जायचं हाये, वरातीत नाही." मग साधा लाल एलईडी घेतला, आणि बोटाएवढे बारीक, बाणासारखे इंडिकेटर.

दिवे लावायचा कार्यक्रम अंगणात झाला. मिस्त्रीकडे जा म्हटलं तर यांना राग आला. "आख्ख्या तालुक्याले लाईन देली मी. ह्या चार बत्त्या कायले मिस्त्रीकडं नेऊ?" पक्कड, पेचकस, टेस्टर, काळी टेप, सगळी जुनी आयुधं पोत्यावर मांडली. गाडीवर चढायला खांब नव्हता, एवढीच काय ती उणीव. आजूबाजूचे तीन-चार रिकामे लोक सल्ला द्यायला येऊन बसले, आणि चहा मात्र मलाच करावा लागला.

मागचे दिवे लवकर बसले. समोरच्यांशी भांडण सुरू झालं. हे गाडीच्या पुढ्यात उकिडवे बसून वायरी जोडत होते आणि मी सीटजवळ उभी राहून बटण सरकवत होते.

"उजवी दाबली का?"

"दाबली."

"मंग डावी काहून लागून राहिली?"

"उजवीच लागली आहे. तुमची उजवी की गाडीची?"

"उजवी म्हणजे उजवी!"

समोरून पाहणाऱ्याची उजवी म्हणजे गाडीची डावी, हे मी तिसरीच्या पोरांना आरसा दाखवून शिकवत असे. ती पोरं यांच्यापेक्षा लवकर शिकायची. शेवटी हे उठले, गाडीवर बसले, समोर वाकून पाहिलं, परत खाली बसले आणि उलट्या जोडायला सोडलेल्या वायरी होत्या तशाच जोडल्या. मी चहाचे कप उचलताना फक्त जरा हसले.

मग मोठी पंचाईत झाली. दिवे लागले, पण लुकलुकेनात. डोळे वटारून एकटक पाहत राहिले. हे म्हणाले, "चांगलंच हाये. आपली लाईट लागून राहते, चिमणी फडफडल्यावानी नाही करत." शेजारचा म्हातारा पोट धरून हसला. चुकत नसेन तर तोच म्हणाला की नवीन दिवे वीज फार कमी खातात, दिवा लुकलुकवणाऱ्या जुन्या फ्लॅशरला ते लागलेत हे कळतही नाही. यांनी ऐकून न ऐकल्यासारखं केलं, आणि थोड्या वेळानं "भाजी घेऊन येतो" म्हणून गेले ते नवीन फ्लॅशर घेऊन आले. भाजी आणली नाही.

संध्याकाळपर्यंत चारही इंडिकेटर टिकटिक करू लागले. ब्रेक दाबला की मागचा दिवा रसरशीत लाल. खरं सांगते, फार छान दिसत होतं. मी एवढंच म्हटलं की ह्या बारीक दांड्यांना पिशवी कुठे अडकवायची? तर यांनी सीटखाली एक आकडाही लावून दिला. मी खुश होते. तेवढ्यात हे उठले, हात झटकले आणि जमलेल्या मंडळींसमोर मोठ्यानं म्हणाले, "झालं. आता हिचा हात रिटायर."

सगळे हसले. मला लागलं. शाळेनं रिटायर केलं तेव्हा निदान शाल आणि नारळ दिला होता, मुख्याध्यापक चार शब्द बोलले होते. इथे पोत्यावरच्या पेचकसाबरोबर मलाही गोळा करून ठेवलं. यांच्या पाठीशी बसून ऊन, धूळ, ट्रकचे हॉर्न सोसत ज्या हातानं यांना घरी सुखरूप आणलं, त्याची ही किंमत! मी ठरवलं, रिटायर तर रिटायर. पेन्शनर काम करत नसतो.

पुढच्या रविवारी बपेऱ्याला निघालो. मी डावा हात पदरात घेऊन बसले, अगदी फोटोत बसतात तशी. गावातलं वळण, तुमसरचा चौक, इथे गर्दीच्या नादानं का होईना, यांनी बटण दाबलं. पुढे लांबलचक सरळ रस्ता. ताईकडे जायला बपेऱ्यात एक वळण घ्यावं लागतं, आणि ते चुकलं की रस्ता सरळ नदीच्या पुलावर जातो. पुलापलीकडे मध्य प्रदेश.

वळण आलं. मला दिसलं. ताईची खुर्चीही दिसली, आणि खुर्चीत ताई. यांनी गाडी हळू केली नाही, बटण दाबलं नाही, काही नाही. वळण गेलं. ताईनं हात वर केलेला मला दिसला आणि मग तीही मागे गेली. पुलावर वारा लागला तेव्हा हे म्हणाले, "आज नदी काहून लागली?"

"कारण तुम्ही मध्य प्रदेशात जाऊन राहिले," मी म्हटलं.

यांनी गाडी थांबवली. मागे वळून माझ्याकडे असे पाहत राहिले, जसं काही मी कोणाचं घड्याळ चोरलं. "तू हात कायले नाही काढला?"

"हात रिटायर झाला. तुमीच सांगतलं, गावासमोर."

"अवो, पण मले कसं कळन?" आणि मग यांनी जे सांगितलं ते इतक्या वर्षांत मला ठाऊक नव्हतं. वळण आलं की मागे माझं वजन हलतं, खांद्यावरची पकड घट्ट होते, बांगड्या वाजतात. त्यावर हे वळतात. रस्त्याकडे पाहून वळायचं यांनी कधीच सोडून दिलं होतं. "वळण पाहाचं काम तुयं. मी तं फक्त चालवतो."

म्हणजे मी मागच्या लोकांना साइड देत होते असं मला वाटत होतं, आणि पहिलं गिऱ्हाईक समोरच बसलं होतं. मला राग यायला हवा होता, पण हसू आलं. पुलावर दोन म्हातारे गाडी थांबवून हसत आहेत हे पाहून एका टेम्पोवाल्यानं हॉर्न मारला. मी सवयीनं हात हलवून त्याला पुढे जायला सांगितलं.

पण हसू ओसरल्यावर धडकी भरली. मुलीचा परीक्षेचा रविवार जवळ आला होता. हात काढला तर नापास आणि नाही काढला तर गाडी मध्य प्रदेशात. परतताना मी मार्ग काढला. उजवीकडे वळायचं तर यांच्या उजव्या खांद्यात बोट टोचायचं, डावीकडे वळायचं तर डाव्या. बटण यांनी दाबायचं. आणि वळून झालं की पाठीत मधोमध एक थाप, म्हणजे बंद करा. हे सुरुवातीला कुरकुरले. "मी काय बैल हावो का?" मी म्हटलं, "बैलाले वळण आपोआप कळते."

परीक्षेच्या दिवशी मुलगी आणि जावई मागून येत होते. मी डोक्यावरून पदर घेतला, डावा हात मांडीवर आणि उजवा यांच्या पाठीवर. सगळा रस्ताभर माझं बोट चाललं होतं. गावातलं वळण, टोच. तुमसरचा चौक, टोच. थाप. मध्ये एकदा म्हैस आडवी आली तेव्हा घाबरून मी दोन्हीकडे टोचलं, आणि हे कळवळून ओरडले, "एकच सांग!" बपेऱ्याच्या वळणावर मी बोट असं रुतवलं की यांचा खांदा आजही दुखतो म्हणतात. गाडी हळू झाली, मागचा लाल दिवा पेटला असणार, इंडिकेटर टिकटिकलं, आणि आम्ही शिस्तीत ताईच्या दारात जाऊन उभे राहिलो.

मुलगी उतरली ती बापाच्या गळ्यातच पडली. "बाबा, एक पण वळण नाही चुकलं! मला वाटलं नव्हतं, तुम्ही या वयात सवय बदलाल."

हे खांदा चोळत म्हणाले, "सवयीचं काय हाये, मनावर घेतलं की होते."

मी बोट पदरात लपवलं. ताई खुर्चीतून सगळं पाहत होती. लेक आणि जावई हातपाय धुवायला गेले तशी तिनं मला जवळ बोलावलं. "काय वो, सगळ्या रस्त्यानं त्यायची पाठ कुरवाळत आलीस का? म्हातारपणी हे काय सुचलं तुले?" आणि आतल्या सुनेला ओरडून म्हणाली, "तवा ठेव वो बाई, नवरा-नवरी आले!" मी लाजले. या वयात, स्वतःच्या बहिणीसमोर, खरंच लाजले.

गाडी राहिली. रविवारही राहिला. मुलगी समाधानानं नागपूरला गेली.

त्यानंतर दोन-चार दिवसांनी हे एकटेच शेतावर निघाले. मी ओट्यावर उभी होते. कोपऱ्यावर उजवं इंडिकेटर लागलं, आठवणीनं लावलं होतं, मला कौतुक वाटलं. गाडी वळली. वळून सरळ रस्त्याला लागली, आणि दिवा लुकलुकतच राहिला. मी हात हलवला, ओरडले, पण कोणाला ऐकू जाणार? धानाच्या बांध्यांमधून तो नारंगी ठिपका उघडझाप करत दूर दूर गेला, शेवटच्या झाडापर्यंत. प्रत्येकाला सांगत होता की आता वळतो, आता वळतो, आणि वळत नव्हता. माझं मन फार विचित्र झालं. यांच्या पाठीवर थाप मारायला तिथे कोणी नव्हतं.

दुपारी परत आले ते तसेच. दिवा चालूच. गाडीवरून उतरले नाहीत, इंजिनही बंद केलं नाही. माझ्याकडे न पाहता म्हणाले, "चाल, बस मांगं."

"कुठं?"

"चक्कीवर. दळण आणाचं हाये."

"दळण मी काल आणलं."

"मंग उगाच एक चक्कर. पाठीले कसंतरी वाटून राहिलं सकाळपासून."

मी चुलीवरचं उतरवून ठेवलं, चपला घातल्या, पदर खोचला आणि मागे बसले. यांनी गाडी हलवण्याआधी मी पाठीत मधोमध एक थाप मारली. दिवा बंद झाला.